एक घर सरकलेल्या सिस्टर

सिस्टरांनी कधी कुणाला ‘काय म्हणालात?’ असं विचारलेलं मी ऐकलं नाही. मरोळला आमच्या इमारतीवरून सारखी विमानं जातात. विमान आलं की बाकीचे सगळे बोलणं अर्ध्यावर थांबवतात आणि ते गेल्यावर ‘हां, काय सांगत होतीस?’ म्हणून पुन्हा सुरुवात करतात. सिस्टर थांबायच्या नाहीत. समोरचा नुसता पुटपुटला तरी त्यांना कळायचं. ऑपरेशनच्या खोलीत त्यांनी बारा वर्षं काढली होती. तिथे डॉक्टर तोंड बांधून, मान खाली घालून बोलतात, आणि एकदाच बोलतात. ‘परत विचारलं तर डॉक्टर चिडतो, आणि रक्त काय आपल्यासाठी थांबत नाही,’ असं त्या सांगायच्या.

अशा बाईला ऐकण्याच्या परीक्षेत पन्नासातले एकोणीस मार्क पडायचे. ही गोष्ट कुणाला खरी वाटली नसती. मला वाटायची, कारण ते एकोणीस मार्क मीच मोजलेले असायचे.

त्या आमच्या समोरच्या खोलीत भाड्याने राहायच्या, एकट्या. गाव मालवणजवळ, तिकडे म्हातारी आई आणि भाऊ. त्यांचं नाव वेगळं होतं, पण दूधवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. छातीवर पिनेने लावलेलं उलटं घड्याळ त्या सुट्टीच्या दिवशीही काढायच्या नाहीत. ‘हात धुवायचे असतात, मनगटावर घड्याळ चालत नाही,’ म्हणायच्या. घरी मग कशाला, असं विचारलं तर म्हणाल्या, ‘घरी काय हात धूत नाही मी?’

आमची खरी ओळख झाली ती माझ्या नवऱ्याच्या खोकल्यामुळे. एका सकाळी त्या ड्यूटीला निघाल्या होत्या. आमच्या दारावर थाप मारून म्हणाल्या, ‘वयनी, तुझ्या घोवाचा खोकला कालचा नाही. आजचा वेगळा आहे. आत्ता दवाखान्यात ने.’ मी म्हटलं, नेहमीचाच आहे, धुरळ्याचा. तेव्हा त्यांनी चपला काढल्या, आत आल्या, नवऱ्याच्या पाठीला सरळ कान लावला आणि रिक्षा बोलवायला मला खाली पिटाळलं. त्याच्या छातीत पाणी झालं होतं. तो दहा दिवस आत होता. दारापलीकडून खोकला ऐकून त्यातला फरक ओळखणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

आता परीक्षेचं. सिस्टर एका खाजगी इस्पितळात अठरा वर्षं होत्या, पण कायम कधी झाल्या नाहीत. दर अकरा महिन्यांनी एक दिवस घरी बसायचं आणि मग नव्या कागदावर सही करून पुन्हा रुजू व्हायचं. ‘माझं दरवर्षी बारसं होतं,’ म्हणायच्या. त्यांच्याबरोबरच्या एक-दोघी परदेशी गेल्या होत्या. तिकडच्या एका इस्पितळात कायमची जागा मिळत होती, पण दोन अटी होत्या. वय पंचेचाळीसच्या आत, आणि इंग्रजी ऐकण्या-वाचण्याची परीक्षा पास. वाचण्यात पन्नासातले तीस आणि ऐकण्यात पन्नासातले तीस, दोन्ही वेगवेगळे मिळायला हवेत. सिस्टरांना तेव्हा पंचेचाळीसावं चालू होतं. एकदा बसून झालं होतं. वाचण्यात भरपूर मार्क पडले आणि ऐकण्यात गेल्या.

‘इंग्रजी मला येतं गो,’ त्या म्हणायच्या. ‘औषधाच्या चिठ्ठ्या वाचून जन्म गेला. पण प्रश्न विचारणारी ती बाय फोनमधून एकदाच बोलते आणि गायब होते.’

एकदा त्यांनी मला विचारलं, ‘माझे सरावाचे पेपर तू तपासशील काय?’ मी हसले. माझं शिक्षण चौथी. आमच्या वेळी गावच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं, आणि पाचवीला मी शाळेत नव्हते, धाकट्या भावाला सांभाळत होते. पण सिस्टरांनी कॅलेंडरच्या पाठीवर चार अक्षरं काढली. ए, बी, सी, डी. ‘एवढीच लागतात. पाचवं अक्षर ह्या परीक्षेत नाहीच. तुला जास्त शिकवतच नाही.’ मग मी तपासनीस झाले. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये बाटल्यांना लेबल लावायचं माझं काम दुपारी दोनला सुटायचं, त्यांची सकाळची ड्यूटीही तेव्हाच सुटायची. चारला चहा झाला की आमच्या घरात परीक्षा. फोनमधली बाई बोलायची, सिस्टर पेन्सिलीने कागदावरचे गोल काळे करायच्या. ऐकण्याचे प्रश्न कागदावर छापलेले नसायचेच, नुसते आकडे आणि आकड्यापुढे चार गोल. मग तो कागद माझ्याकडे यायचा. बरोबर उत्तरांची झेरॉक्स मी कात्रीने कापून लांब पट्टी केली होती. ती पट्टी कागदाला लावून लाल पेनाने फुल्या मारत खाली जायचं. मला ते काम आवडायचं. अठरा वर्षं नोकरी केलेल्या बाईंच्या कागदावर मी लाल पेन चालवत होते, त्याची लाजही वाटायची.

सिस्टर चुकलेले प्रश्न कधी बघत नसत. ‘किती?’ एवढंच विचारायच्या. मी एकोणीस म्हटलं की मान हलवून म्हणायच्या, ‘उद्याचा पेपर काढून ठेव.’ वाचण्याचा पेपर मात्र बेचाळीस, चव्वेचाळीस असा यायचा.

त्यांची एक सवय इथे सांगायला हवी. हातातलं काम पुरं झाल्याशिवाय त्या दुसऱ्याला हात लावायच्या नाहीत. चार नंबरच्या खाटेवरचं सगळं झाल्याशिवाय पाच नंबरकडे बघायचं नाही, हा वॉर्डातला नियम त्यांनी घरी आणला होता. वर्सोव्याची एक मावशी बुधवारी आमच्याकडे मासे घेऊन यायची. एकदा सिस्टर मांदेली साफ करत बसल्या होत्या आणि फोन वाजत होता. तीन वेळा वाजून बंद झाला. मी म्हटलं, ‘अहो, घ्या ना.’ तर म्हणाल्या, ‘अकरा ऱ्हवलीत.’ अकरा मांदेली साफ करून, हात धुऊन, पुसून मग त्यांनी फोन घेतला. इस्पितळातून होता. तिथल्या मॅडमना त्यांनी तोंडावर सांगितलं, ‘मी मांदेली साफ करत होते.’

गणपतीच्या आधीची गोष्ट. मी पेपर तपासत होते. सोळाव्या प्रश्नापर्यंत सगळं बरोबर होतं आणि सतराव्यापासून खाली फुल्याच फुल्या. तेवढ्यात माझ्या बांगडीचा धक्का लागला आणि पट्टी एक घर वर सरकली. मी बघितलं तर काय, सतरापासून पुढची बहुतेक सगळी अक्षरं जुळत होती. सिस्टरांची बी तर पट्टीवर बी, त्यांची डी तर पट्टीवर डी. शेवटपर्यंत. मधे सात-आठच चुका.

मला ते लगेच कळलं, कारण लेबलांचं असंच होतं. रोलवर लेबलं नंबराने ओळीत असतात, एक बाटली लेबलाशिवाय पुढे गेली की तिथून पुढच्या सगळ्या बाटल्यांचे नंबर चुकतात. बाटल्या बरोबर, लेबलं बरोबर, फक्त एक घर सरकलेलं. आमच्याकडे त्याला ‘सरकलं’ म्हणतात. सिस्टर एखाद्या प्रश्नावर अडत होत्या. त्याचा विचार करेपर्यंत बाई पुढचा प्रश्न बोलायची. सिस्टर त्याचं उत्तर बरोबर ऐकायच्या, पण भरायच्या आधीच्या रिकाम्या घरात. मागचं घर रिकामं ठेवून पुढे जाणं त्यांच्या हाताला माहीतच नव्हतं. मग तिथून सगळं सरकायचं. शेवटी एक घर उरायचं, तिथे त्या अंदाजाने काहीतरी भरायच्या.

हे मला दिसलं आणि मी बोलले नाही.

का बोलले नाही ते मी बरेचदा मनाशी तपासलं आहे. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकत असणार. चार अक्षरं शिकलेली बाई मी, इंग्रजी परीक्षेत काय सांगणार? पट्टी सरकवून बघायची परवानगी असते का, हेही मला माहीत नव्हतं. पुढच्या पेपरात तसंच दिसलं, त्याच्या पुढच्यातही. दरवेळी मी ठरवायची, उद्या बोलू. मग पट्टी सरळ लावायची, फुल्या मारायची आणि ‘एकवीस’ म्हणायची.

त्या दुसऱ्यांदा परीक्षेला बसल्या. दिवाळी झाल्यावर निकाल आला. वाचण्यात चव्वेचाळीस. ऐकण्यात बावीस.

सिस्टर रडल्या नाहीत. चहा प्यायल्या, कप विसळला आणि पेपरांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. म्हणाल्या, ‘हे रद्दीत दे. माझे कान गेले बहुतेक. वय झालं. वॉर्डातसुद्धा आता मी काय काय चुकीचं ऐकत असेन, देव जाणे.’

ते वाक्य मला सहन झालं नाही. कान हीच त्यांची कमाई होती आणि त्यांचा त्यावरचाच विश्वास चालला होता. दुसऱ्या दिवशी कामाला दांडी मारून मी सगळे पेपर पुन्हा काढले. जिथून सरकलं तिथून पट्टी एक घर वर करून हिरव्या पेनाने नवे मार्क घातले. अडतीस. एकेचाळीस. छत्तीस. चाळीस. साडेतीन वाजता सिस्टर आल्या तेव्हा मी त्यांच्या दारात उभी होते. मनात सगळं नीट जुळवलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं, ‘सिस्टर, तुमचं सरकलंय.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘काय गो, नापास झाले म्हणून डोकं सरकलं म्हणतेस काय माझं?’

‘डोकं नाही हो. उत्तरं. उत्तरं सरकली आहेत.’

मी जमिनीवर कागद पसरले, पट्टी लावली आणि सरकवून दाखवली. एक पेपर, दुसरा, तिसरा. सिस्टर उकिडव्या बसून बघत होत्या. मग विचारलं, ‘तुका ह्यां कधीपासून दिसता?’

चिडल्या की त्या पुऱ्या मालवणीवर यायच्या. मी खोटं बोलू शकले असते. ‘गणपतीच्या आधीपासून,’ म्हटलं.

‘गणपती गेले, दसरो गेलो, दिवाळी झाली. माझी परीक्षा झाली. आणि आज सांगतंस? तोंडात काय मूग गिळून बसललंस?’

‘मला वाटलं माझंच चुकतंय.’

‘चुकला असता तर मी काय तुका खाल्लंय असतंय?’ त्या उठल्या. ‘जा तू. माझ्या डोळ्यांसमोरून जा आत्ता.’

चार दिवस त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. जिन्यात भेटल्या तर भिंतीकडे बघून जायच्या. त्यांचं बरोबर होतं. पंचेचाळीस पूर्ण व्हायला पाच महिने राहिले होते आणि आता एकदाच बसता येणार होतं. त्यांची एक वेळ माझ्या गप्प राहण्याने गेली होती. माझा नवरा म्हणाला, ‘चूक तिची, तुझा काय संबंध?’ पण तो दहा दिवस आत होता तेव्हा सिस्टरांनी असा संबंध विचारला नव्हता.

पाचव्या दिवशी चारला त्या आल्या. हातात पेन्सिल आणि नवा कागद. बसल्या आणि म्हणाल्या, ‘आता नुसतं तपासायचं नाही. बाजूला बस. सरकलं की तिथल्या तिथे सांग.’

आकडे मला इंग्रजीत कळायचे, बाटल्या मोजून मोजून ते पाठ झाले होते. फोनमधली बाई प्रत्येक प्रश्नाआधी आकडा बोलायची. ती ‘नंबर ट्वेल्व्ह’ म्हणाली आणि सिस्टरांची पेन्सिल अकरावरच असली की मी लाटण्याने पाटावर ठक् करायची आणि म्हणायची, ‘पुढे.’ पहिले आठ-दहा दिवस काही उपयोग झाला नाही. त्यांचा हात निघायचाच नाही. ठक् केलं की चिडायच्या. ‘अगो, थांब! आठवतंय मला. जवळ आलंय.’ तोवर बारा गेलेला, तेरा गेलेला.

एका दुपारी त्यांनी पेन्सिल खाली टाकली. ‘नाही जमत मला. पेशंट अर्धा टाकून मी दुसऱ्या खाटेकडे जाऊ कशी? शिकलेच नाही मी तसं.’

मी बोलून गेले, ‘सिस्टर, तो पेशंट नाही राहिला. तो गेला. गेलेल्याला सोडा आणि पुढच्याला बघा, तो जिवंत आहे अजून.’

बोलले आणि घाबरले. आता पुन्हा चार दिवस बोलणं बंद, असं मला वाटलं. पण त्या हळूच म्हणाल्या, ‘ते मात्र जमतं गो आम्हाला. चादर ओढायची, दोन मिनिटं उभं राहायचं आणि पुढच्या खाटेचं सलाईन बघायचं. रडायला आतल्या खोलीत.’ मग त्यांनी पेन्सिल उचलली. ‘लाव परत तिला.’

त्या दिवसापासून त्यांनी स्वतःची रीत काढली. प्रश्न कळला नाही की डोळे मिटून सी काळा करायचा आणि म्हणायचं, ‘चादर.’ सी का, तर म्हणे चादरीचा सी. मला त्यातलं काही कळलं नाही, पण हात पुढे जायला लागला. ‘चादर’ म्हणताना सुरुवातीला त्यांचा चेहरा खरोखर कुणी गेल्यासारखा व्हायचा. नंतर नंतर त्या हसून म्हणायला लागल्या. एकदा ओळीने तीन प्रश्न गेले तेव्हा म्हणाल्या, ‘आज वॉर्डात साथ आली बघ.’ पण कागद शेवटपर्यंत सरळ आला आणि मी पट्टी लावली तर छत्तीस. हिरव्या पेनाची गरज पडली नाही.

शेवटच्या परीक्षेला मी त्यांच्याबरोबर गेले. केंद्र घाटकोपरला होतं. मरोळ नाक्याहून मेट्रोने गेलो. सिस्टरांनी वाटेत उलटं घड्याळ चार वेळा पाहिलं. आत घड्याळ नेऊ दिलं नाही, म्हणून त्यांनी ते काढून माझ्या ब्लाउजला लावलं. वर खिडक्यांतून आवाज येत होता, पण कळत काही नव्हतं. खाली बाकी आयाबाप उभे होते, त्यांची मुलं वीस-बावीस वर्षांची. एका बाईने मला विचारलं, ‘तुमचं कोण आहे आत?’ मी म्हटलं, ‘सिस्टर.’ तिला वाटलं माझी बहीण. मीही तसंच वाटू दिलं.

दोन तासांनी त्या खाली आल्या. चेहऱ्यावरून काही समजत नव्हतं. जवळ येऊन त्यांनी माझ्या ब्लाउजवरचं घड्याळ काढून आपल्या छातीला लावलं आणि म्हणाल्या, ‘सात जणांवर चादर ओढली.’

‘आणि?’

‘आणि शेवटचा गोल शेवटच्या प्रश्नाला आला.’

मग आम्ही स्टेशनबाहेर उसाचा रस प्यायलो. निकालाला तीन आठवडे लागले. वाचण्यात त्रेचाळीस आणि ऐकण्यात एकोणचाळीस. सिस्टरांनी तो निकाल फोनवर मला दाखवला आणि विचारलं, ‘किती?’ मी आकडे वाचून दाखवले. ‘परत वाच,’ म्हणाल्या. त्यांनी कुणाला काही परत सांगायला लावलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मी चार वेळा वाचलं.

पुढचं सगळं भराभर झालं. कागद, तपासण्या, तिकीट. खोली रिकामी केली तेव्हा भांडी खालच्या मजल्यावर वाटली, मला प्रेशर कुकर दिला. विमान संध्याकाळचं होतं. दुपारी रिक्षा आली. दोन बॅगा खाली नेल्या. इमारतीतली चार माणसं निरोपाला उभी होती, ती बोलून वर गेली. मी उभीच राहिले. इतक्या दिवसांत ती गोष्ट पुन्हा निघाली नव्हती. त्यांनी काढली नाही आणि मीही नाही. आता नाही बोलले तर राहूनच जाईल, असं वाटलं. मी म्हटलं, ‘सिस्टर, मी आधीच बोलायला हवं होतं. गणपतीच्या वेळी.’

मला वाटलं, जाऊ दे म्हणतील. असं कुणी बोललं की माणसं जाऊ दे म्हणतात.

सिस्टर म्हणाल्या, ‘होय. बोलायला हवं होतंस. माझे सहा महिने गेले.’

मग त्यांनी सीटवरची बॅग उचलून मांडीवर घेतली आणि बाजूला जागा केली. ‘बस आत. विमानतळापर्यंत चल. अजून जे काय पोटात ठेवलं असशील ते सगळं बोल.’

मी तशीच, घरातल्या चपलांवर, बसले. मरोळहून विमानतळाला वीस मिनिटं लागतात. ती वीस मिनिटं मी एकटीच बोलत होते, आयुष्यात कधी बोलले नव्हते तेवढं. सासूचं बोलले, शाळा सुटली त्याचं बोलले, नवरा आत होता तेव्हा कुठल्या देवाला काय बोलले होते तेही सांगितलं. आता त्यातलं निम्मं मला आठवत नाही. सिस्टरांना सगळं आठवत असेल.